वर कोण आहे?

सोमवार, ४ तारीख

आज सकाळी अकराव्या टॉवरच्या पायथ्याशी वायरलेसमधून आधी एक खोकला ऐकू आला आणि मग आवाज आला, "कंट्रोल बोलतेय. वर कोण आहे?" त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. हे मी उगाच लिहीत नाही. प्राध्यापकाशी भांडून अर्ध्या वर्षात कॉलेज सोडलं तेव्हा बदललं नव्हतं. बाबांनी "तोंड दाखवू नकोस" म्हणून ताईकडे धाडलं तेव्हाही नाही. तेव्हा नुसता पत्ता बदलला.

आधी कंट्रोलला एक म्हातारा असायचा. तो "वर कोण?" असा खेकसायचा. आजचा आवाज वेगळाच. थोडा बसलेला, पण समोरच्याचं उत्तर खरंच ऐकायचं आहे असा. मला क्षणभर माझंच नाव आठवेना, आणि विचारलं होतं दुसऱ्याचंच.

माझं काम तसं फुटकळ. वर चढणाऱ्याचे दोन्ही हात अडकलेले असतात, म्हणून त्याच्या वतीने बोलायला खाली एक माणूस लागतो. तो मी. पठारावर सोलर पॅनेलचं शेत पसरलंय, बाजूला बॅटऱ्यांचे पांढरे कंटेनर, त्यांच्याच रांगेत कंट्रोल रूम. तिथून टॉवरांची ओळ उतरत उतरत शहराकडे जाते. शहर अजून डिझेलच्या इंजिनांवर चालतं. आमची लाइन पोचली की इंजिनं बंद.

दाजी फोरमन आहेत, म्हणूनच मला कामावर घेतलं. त्यांनी पहिल्याच दिवशी घोकून घेतलं होतं. कंट्रोलने विचारलं की वर असलेल्याचं नाव सांगायचं, नाहीतर "वर कोणी नाही" असं पूर्ण वाक्य म्हणायचं. हं नाही, हो नाही. मी म्हटलं, "शाळा आहे का, दाजी?" ते म्हणाले, "शाळेत चुकलास तर तुझा मार्क जातो."

आज वर ताड्या होता. ताडमाड उंच आहे म्हणून ताड्या. मी वायरलेस हातात धरून तसाच उभा राहिलो तर वरून ओरडला, "ए कॉलेज, दोरी सोड! पुतळा नंतर हो!"


शनिवार, ९ तारीख

आज वारा होता. मी "वर ताड्या" म्हणून सांगितल्यावर नेहमीचं "ठीक" नाही आलं. ती म्हणाली, "वारा जोरात आहे. पट्टा लावलाय ना त्याने?" मी म्हटलं, "लावलाय." ती म्हणाली, "बघून सांगा." मी मान वर करून पाहिलं आणि सांगितलं. मग म्हणाली, "थँक्यू हं."

हे "हं" कुणी कुणाला उगाच म्हणत नाही. विचार केला तर पट्टा लावलाय की नाही याच्याशी कंट्रोलचा संबंधच काय? तिला बोलणं लांबवायचं होतं, दुसरं काय. आणि किती मोठं मन! कुठला कोण ताड्या, त्याचीसुद्धा काळजी.

संध्याकाळी ताईने जेवायला वाढता वाढता विचारलं, "कोण आहे?"

"कोण कोण?"

"तीनदा भांग पाडून कामावर गेलास. टॉवरला दिसतो वाटतं भांग."

दाजी ताटात बघून हसले. मी अर्धवट जेवून उठलो. या घरात भावनेला किंमत नाही.


गुरुवार, १४ तारीख

आज ताड्या सुट्टीवर, वर पहिलवान चढला. (तो पहिलवान नाही, काडी आहे. म्हणूनच ते नाव.) वारा शनिवारपेक्षा जास्त होता. मी सांगितलं, "वर पहिलवान." ती म्हणाली, "ठीक." बस. पट्टा नाही, हं नाही. मी आपणहून म्हटलं, "वारा आहे, पण पट्टा लावलाय." ती म्हणाली, "बरं."

दिवसभर विचार करतोय, माझं काही चुकलं का? काल मी जरा तुटक बोललो होतो. रागावली असेल.

चहाला सगळे बसले तेव्हा पहिलवानाने विषय काढलाच. "याचा कंट्रोल सुटलाय," म्हणाला. सगळे खिदळले. मी चहाचा ग्लास भिरकावला. लागला कुणाला नाही, पण दाजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझं डोकं जमिनीवर आहे म्हणून चालून जातं. वर गरम झालं असतं तर?" मग म्हणाले, "फुटका ग्लास उचल."


सोमवार, १८ तारीख

शहराच्या टोकाला शेवटच्या टॉवरचा पाया बघायला गेलो होतो. मी, दाजी आणि ताड्या. शहर वाढतंय म्हणजे किती वाढतंय! मागच्या खेपेला जिथे मोकळं मैदान होतं तिथे आता तीन मजली घरं, गच्चीवर पाण्याच्या टाक्या, आणि टाकीत पाणी चढवायला वीज नाही म्हणून खाली बायकांची रांग. इंजिनघराच्या धुराने समोरच्या सगळ्या भिंती काळ्या.

दवाखान्याच्या मागच्या कट्ट्यावर डबे उघडले. तेवढ्यात इंजिन धापा टाकत बंद पडलं. अशी शांतता की चघळण्याचासुद्धा आवाज ऐकू यावा. मग आत कुणीतरी पळालं. खिडकीतून दिसलं, एक नर्स कुणाच्यातरी तोंडाशी रबरी फुगा धरून हाताने दाबतेय. दाबतेय, सोडतेय, दाबतेय, सोडतेय. तिच्या ओठांवरून कळत होतं की ती मोजतेय. इंजिन पुन्हा सुरू होईपर्यंत आमच्यापैकी कुणी घास उचलला नाही.

ताड्याने अर्धा खाल्लेला डबा बंद केला. "चला," म्हणाला. "खाऊन काय करायचंय, काम करू."

परत येताना जीपमध्ये मला म्हणाला, "कॉलेज, तुला एक सांगायचंय. कंट्रोलबद्दल."

मी म्हटलं, "तू काय सांगणार मला?"

तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "आज नको. तुझा आज मूड चांगला आहे."

म्हणजे यालाही ती आवडते! स्पष्ट आहे. बिचारा. वर चढून चढून माणसाला वाटायला लागतं की सगळं हाताशी आहे.


रविवार, २४ तारीख

आज कंट्रोल रूमवर गेलो. वायरलेसची बॅटरी बदलायचं निमित्त. ताईकडून शर्टाला इस्त्री करून घेतली होती.

दाराबाहेर बूट होते. तेवढ्या लांबीचे बूट या कामावर एकाच माणसाचे आहेत.

खिडकीतून दिसलं. ती खुर्चीवर, तो जमिनीवर बसलेला, आणि तरी दोघांची डोकी एका उंचीवर. दोरीने सोललेल्या त्याच्या तळव्याला ती मलम लावत होती. बोलत कुणीच नव्हतं. ती फुंकर घालत होती.

वारा, पट्टा, "बघून सांगा." सगळं त्याच्यासाठी. मी नळ होतो. पाणी दुसऱ्याकडे जात होतं.

यापुढे त्या माणसाचं नाव मी तोंडातून काढणार नाही.


मंगळवार, २६ तारीख

त्याला काल शॉक बसला. जिवंत आहे.


गुरुवार, २८ तारीख

लिहून काढतो. नाही लिहिलं तर डोक्यात रोज वेगळं होईल.

सोमवारी सकाळपासून मी त्याच्याशी बोललो नव्हतो. त्याने दोनदा चहा पुढे केला, दोनदा मी तोंड फिरवलं. पहिलवान म्हणाला, "नवराबायकोसारखे काय रुसलाय रे?" तो म्हणाला, "कॉलेज, संध्याकाळी बसू. माझ्याकडूनच उशीर झाला सांगायला." मी म्हटलं, "मला काही ऐकायचं नाही."

दुपारी चाचणी होती. पठारावरची वीज पहिल्यांदाच आमच्या तारांत सोडायची होती. शहरापर्यंत नाही, मधल्या स्विचपर्यंतच. दाजींनी जेवणाआधीच, काम संपलं, सगळी माणसं उतरली, अशा परमिटवर सही करून जीपवाल्याबरोबर ते कंट्रोलला पाठवून दिलं होतं. नेहमीच तसं करतात, एक खेप वाचते. मग ते पुढच्या टॉवरकडे गेले. आमच्याकडे फक्त अर्थिंग काढायचं राहिलं होतं. अर्थिंग म्हणजे तारेपासून जमिनीपर्यंत बांधलेली जाड केबल. काम चालू असताना चुकून वीज आलीच तर ती माणसातून न जाता जमिनीत जावी म्हणून. ती सगळ्यात शेवटी काढतात. ती काढल्यापासून माणूस खाली पोचेपर्यंत त्याला राखणारं दुसरं काही नसतं. फक्त खालचा माणूस, वायरलेस धरलेला.

तो चढला. केबल सोडवली. ती सरपटत माझ्या पायाशी येऊन पडली. तेवढ्यात वायरलेस वाजला.

"अकरा, कंट्रोल बोलतेय. वर कोण आहे?"

तोच आवाज. आणि माझ्या डोक्यात आलं, हिला माहीत आहे वर कोण आहे. हिला फक्त नाव ऐकायचंय. ते माझ्या तोंडून ऐकायचंय, गोड वाटतं म्हणून.

मी म्हटलं, "कोण असणार!"

तिकडे जरा वेळ काही नाही. मग, "ठीक आहे."

मला वाटलं, झोंबलं. बरं वाटलं मला. हेही लिहून ठेवतो, की बरं वाटलं.

आवाज मोठा नव्हता. जाड कापड टरकन फाटावं तसा. तो पडला नाही, पट्ट्याने लटकत राहिला. मी ओरडत होतो, पण वायरलेसचं बटण दाबायचं भान नव्हतं.

मी म्हणालो "कोण असणार", म्हणजे तोच, दुसरा कोण. तिने ऐकलं "कोण असणार", म्हणजे आता कशाला कोण असेल, सगळे उतरले. कालपासून शंभरदा म्हणून पाहिलं. मोठ्याने, हळू, रागाने, हसून. दोन्ही अर्थ निघतात. पूर्ण वाक्य असतं तर निघाले नसते.

उजवा हात कोपरापासून काढावा लागला.


शनिवार, ३० तारीख

चौकशीसाठी वरच्या ऑफिसातून एक बाई आल्यात. चष्मा नाकावर, आवाज मऊ, उत्तर येईपर्यंत थांबायची सवय.

काल संध्याकाळी दाजींनी मला गच्चीवर नेलं. टाकीला टेकून उभे राहिले. म्हणाले, "त्या वेळी वायरलेसवर काय बोललास ते आठवत नाही तुला."

"आठवतं, दाजी."

"आठवत नाही."

"अहो, शब्द न् शब्द आठवतो."

"अरे, मी विचारत नाहीये. सांगतोय."

ते म्हणाले, वायरलेसवरचं बोलणं कुठे टेप होत नाही, ते यंत्र अजून यायचंय. तू आठवतं म्हणालास तर तू गेलास. कोर्टकचेरी होईल. वय काय तुझं? तुझ्या बाबांना मी काय तोंड दाखवू? बोलता बोलता त्यांनी शर्टाचं एक बटण उपटून काढलं. दाजींना मी असं कधी पाहिलं नव्हतं. माझ्यासाठी इतका जीव तुटतो त्यांचा, मला माहीत नव्हतं.

आज बाईंनी विचारलं, "कंट्रोलने विचारलं होतं का?"

मी म्हटलं, "आठवत नाही. एकदम झालं सगळं."

त्यांनी लिहून घेतलं. पेन चालण्याचा आवाज मला ऐकू येत होता.


गुरुवार, ४ तारीख

तिला कंट्रोलवरून काढून घरी बसवलंय. म्हातारा परत आलाय, "वर कोण?" म्हणून खेकसतो. कामावर सगळे एकच बोलतात, नवीन पोरगी, विचारायला विसरली, बटण दाबून मोकळी झाली. मी असलो की गप्प होतात. माझ्याबद्दल त्यांना वाईट वाटतं. माझ्याबद्दल!

पहिलवानाने हेच जाऊन दवाखान्यात सांगितलं. तेव्हापासून ताड्या तिला आत येऊ देत नाही. (नाव लिहिलं गेलं. असू दे.) नर्सला सांगून ठेवलंय, ती आली तर मी झोपलोय. ती रोज येते आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसते.

आज मी गेलो. खरं लिहायचं तर, बाकावर ती एकटी बसलेली दिसली तेव्हा दुःखाच्या आधी दुसरंच काहीतरी मनात आलं. आता ते दोघं संपले. आता कुणीतरी तिच्या शेजारी बसायला पाहिजे. मी दोन चहा घेऊन गेलो.

ती दिसायला आवाजासारखी नाही. लहान आहे, माझ्याएवढीच असेल. नखं कुरतडलेली. आम्ही इतक्या जवळून पहिल्यांदाच बोललो आणि तिने मला आवाजावरून ओळखलं.

"अकरा?" म्हणाली.

"हो."

चहा हातात घेऊन तिने तो तसाच धरून ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही खालीच होतात. मी विचारलं होतं ना?"

मी म्हटलं, "मला आठवत नाही."

तिने मान हलवली. भांडेल असं वाटलं होतं, रडेल असं वाटलं होतं. मीही उत्तरं तयार ठेवली होती. ती म्हणाली, "मग नसेलच विचारलं. रोज विचारते ना, म्हणून वाटत असेल की त्या दिवशीही विचारलं. मला तर तुमचं उत्तरही ऐकू आल्यासारखं वाटतं. माणसाचं मन कसं असतं बघा."

आणि चहाबद्दल थँक्यू म्हणाली. हं नाही म्हणाली.

मी बाहेर येऊन दवाखान्याच्या मागच्या कट्ट्यावर बसलो. माझा चहा मातीत ओतून दिला.


रविवार, ७ तारीख

आज लाइन चालू झाली. पठारापासून शहरापर्यंत, पूर्ण. काम थांबवता येत नव्हतं, सगळे म्हणाले थांबवू नये. ताड्याच्या जागी पहिलवानाने शेवटचं अर्थिंग काढलं आणि खाली उतरून पाचही बोटं तोंडावर धरून बसून राहिला. मी वायरलेस कधीच परत दिलाय. दोऱ्या गुंडाळतो.

दुपारी इंजिनघराची इंजिनं एकामागून एक बंद केली. शेवटचं थांबलं तेव्हा रस्त्यावरची माणसं चालता चालता थांबली. इतकी वर्षं त्या घरघरीत बोलत आलेले, सगळे उगाच मोठ्या आवाजात बोलत होते आणि दचकून आवाज खाली आणत होते. गच्च्यांवर पाण्याच्या मोटारी लागल्या. तीन मजले पाणी आपोआप चढलं. एक म्हातारी टाकीला कान लावून उभी होती.

मला आनंद व्हायला हवा होता. हे मी केलंय, आम्ही केलंय. पॅनेलवर ऊन पडतं, ते तारेतून येतं आणि कुणालातरी हाताने फुगा दाबावा लागत नाही. कॉलेजमधल्या कुठल्या पोराने इतकं केलंय? पण दिवा बघितला की मला तो आवाज ऐकू येतो, कापड फाटल्यासारखा.

ताई स्वयंपाकघरात होती. मी सगळं सांगितलं तिला. "कोण असणार"पासून बाकावरच्या चहापर्यंत. ती भांडं घासत राहिली, घासून झालेलं भांडं.

मी म्हटलं, "दाजी म्हणतात गप्प राहा. माझ्यासाठी जीव तुटतो गं त्यांचा."

"तुझ्यासाठी," ताई म्हणाली.

"मग?"

"काही नाही." तिने नळ बंद केला. "त्या दिवशी त्यांनी सही कधी केली होती रे?"

"जेवणाआधी. नेहमीच करतात."

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग म्हणाली, "तुझं तू बोल. त्यांचं काय ते मी बघते. आणि त्या पोरीला वेड लागायच्या आत बोल. उद्या नको, परवा नको असं करशील तू. तुला मी ओळखते. रागात एका घटकेत कॉलेज सोडतोस, आणि शहाणपणाचं काम असलं की मुहूर्त शोधतोस."


मंगळवार, ९ तारीख

सोमवारी बाई नव्हत्या. आज बोललो. ताई म्हणेल मुहूर्त, पण खरंच नव्हत्या.

मी म्हटलं, "तिने विचारलं होतं. मला आठवतं. आधी खोटं बोललो."

"काय विचारलं?"

"वर कोण आहे."

"तुम्ही काय उत्तर दिलंत?"

मी सांगितलं. त्यांनी लिहिलं, मग चष्मा काढला. "म्हणजे वर कोणी नाही, असं?"

"नाही. म्हणजे तोच आहे, असं."

"मग नाव का नाही घेतलं? नियम माहीत होता ना?"

"होता."

त्या थांबल्या. त्यांची ती सवय. मी खोलीतल्या पंख्याकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं. रागाने बोलायचं तर मला कधी शब्द कमी पडत नाहीत. प्राध्यापकाला, बाबांना, सगळ्यांना तोंडावर बोललोय. पण हे बोलायला राग कामाला येईना.

"ती माझी नव्हती," मी म्हटलं. "त्याची होती. म्हणून नाव घ्यावंसं वाटलं नाही."

बाईंनी लगेच लिहिलं नाही. "हे असंच लिहू?" त्यांनी विचारलं.

"असंच लिहा."

कामावरून मला आजच काढलं, पुढचं काय ते कळवतील. बाहेर दाजी बसले होते. त्यांनी वर बघितलं, मी मान हलवली. मला वाटलं मारतील. ते उठून मी आलो त्याच दाराने आत गेले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. का गेले, माहीत नाही. घरी अजून आले नाहीत आणि ताईने त्यांचं ताट झाकून ठेवलंय.


बुधवार, १० तारीख

सकाळी दवाखान्यात गेलो. ती बाकावर होतीच. मी तिच्यासमोरून गेलो, काही बोललो नाही. आधी त्याला सांगायचं होतं.

खोलीत तो एकटा. पलंग त्याला आखूड पडतो, पाय बाहेर. उजवी बाही पिन लावून वर दुमडलेली. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवून आलो होतो आणि तिकडेच बघत होतो.

"ये कॉलेज," म्हणाला. "बस. ऐकतोयस का?"

"काय?"

"काहीच नाही. मागचं इंजिन गेलं ना. रविवारपासून झोप लागते." मग म्हणाला, "पहिलवान भेकड आहे म्हणे. अर्थिंग काढून रडला."

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो. म्हटलं, "तिने विचारलं होतं."

त्याला आधी कळलंच नाही. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"त्या दिवशी?"

"हो."

"नेहमीसारखं?"

"नेहमीसारखं. वर कोण आहे म्हणून."

"आणि तू?"

मी सांगितलं. ते दोन शब्द मी आता इतक्यांदा म्हटलेत की माझ्या जिभेला त्यांची चवच राहिली नाही. त्याने मात्र ते पहिल्यांदा ऐकले. त्याचे ओठ हलताना दिसत होते. तोही एकदा असं, एकदा तसं म्हणून बघत होता. मग थांबला.

"माझं नाव घ्यायचं नव्हतं तुला."

"नाही."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

खिडकी उघडी होती. खाली कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला. मला सहन होईना. म्हटलं, "मार मला. शिव्या दे, काहीतरी कर."

"कशाने मारू?" तो म्हणाला.

त्याने हे हसून म्हटलं असतं तर मी पाया पडलो असतो. रागाने म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्याने नुसतं विचारलं. उत्तर हवं असल्यासारखं विचारलं.

मग त्याने डोळे मिटले. मिटूनच म्हणाला, "इतके दिवस मी तिला आत येऊ दिलं नाही. बाहेर आहे?"

"बाकावर."

"रोज असते?"

"रोज."

डाव्या हाताने तो चादर सारखी करायला लागला. जमत नव्हतं, एक टोक ओढलं की दुसरं निसटत होतं. मी पुढे झालो तर म्हणाला, "तू नको."

मी थांबलो.

"तिला पाठव," म्हणाला. "आणि दार लावून जा."

मी व्हरांड्यात आलो. ती उठून उभी राहिली होती, माझ्या चेहऱ्याकडे बघत. मी म्हटलं, "तुम्ही विचारलं होतं. मी खोटं बोललो होतो. तो बोलावतोय." यातलं तिने काय ऐकलं आणि काय नाही, माहीत नाही. ती माझ्याजवळून गेली. मी दाराची मूठ हातात धरून उभा होतो. आत बघितलं नाही. तिची पावलं पलंगापाशी थांबल्याचं ऐकलं, आणि दार लावलं.